निर्वात बरणी : विजेवाचून धान्याची राखण

प्रस्तावना

अन्न पिकविणे जितके कष्टाचे, तितकेच ते टिकविणेही कष्टाचे असते. शेतातून घरात आलेला दाणा ताटात पडेपर्यंत अनेक शत्रू त्याची वाट अडवून बसलेले असतात. त्यांच्याशी झुंज देताना आपल्या पूर्वजांनी कणग्या विणल्या, पेवे खणली, रांजण घडविले आणि बरण्यांना दादरे बांधले. आधुनिक काळात या परंपरेत एका साध्या साधनाची भर पडली आहे. ते साधन म्हणजे हवा काढून घेतलेली, अर्थात निर्वात केलेली काचेची बरणी. तिला वीज लागत नाही. लागते ती हाताची थोडी मेहनत आणि शास्त्राची थोडी जाण. या पाठात त्या शास्त्राचा व कृतीचा परिचय करून दिला आहे.

खिदिरपूरचा पावसाळा

कोलकाता शहराच्या नैर्ऋत्येस, हुगळी नदीच्या पूर्व तीरावर खिदिरपूर हा जुना बंदरभाग वसला आहे. येथील गोदी १८९२ साली जहाजांसाठी खुली झाली. गोदीच्या कामानिमित्त देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येथे आली आणि त्यांच्याबरोबर त्यांची स्वयंपाकघरेही आली. त्यामुळे या भागातील फळ्यांवर बंगाली घरातील मुडी, म्हणजे कुरमुरे, मसुरीची डाळ आणि सुवासिक गोविंदभोग तांदूळ जसा दिसतो, तसे बिहारमधून आलेल्या कुटुंबातील चण्याचे सत्तूही दिसते. डाळ वाटून उन्हात वाळवलेल्या वड्यांना बंगालीत ‘बोडी’ म्हणतात. आपल्याकडील सांडग्यांचीच ती बहीण म्हणावी.

या साऱ्या पदार्थांचा समान गुण म्हणजे कोरडेपणा, आणि खिदिरपूरच्या हवेला नेमके त्याचेच वावडे आहे. नदी जवळ, समुद्र फार दूर नाही आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसाची संततधार. या महिन्यांत हवेची सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा ऐंशी टक्क्यांच्या वर असते. सकाळी कुरकुरीत असलेली मुडी उघडी राहिली, तर संध्याकाळपर्यंत सादळते. मिठाला पाणी सुटते. डाळीच्या डब्यात हात घातला, की बोटांना पिठूळ भुकटी लागते आणि आत किडीने घर केल्याचे कळते.

अशा वेळी विजेवर चालणारी साधने मदतीला येतात खरी. परंतु ती सर्वांना परवडतात असे नाही, आणि ज्यांना परवडतात त्यांनाही ती ऐन संकटात साथ देतीलच असे नाही. कोलकात्यात विजेचा पुरवठा १८९९ साली सुरू झाला. देशातील हे फार जुने विद्युतनगर. तरीही २० मे २०२० रोजी ‘अम्फान’ चक्रीवादळ बंगालच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा या महानगरातील अनेक वस्त्यांना कित्येक दिवस अंधारात काढावे लागले. शीतकपाटे बंद पडली व त्यांतील अन्न नासले. त्या दिवसांत उपयोगी पडले ते फळीवरचे कोरडे अन्न. म्हणूनच कोरडे अन्न विजेवाचून कसे राखावे, हा प्रश्न जितका ग्रामीण आहे तितकाच शहरीही आहे.

धान्याचे चार शत्रू

साठवणीतील कोरड्या अन्नाचे शत्रू मुख्यतः चार आहेत : ओलावा, कीड, बुरशी आणि हवेतील प्राणवायू. या चौघांचे परस्परांशी सख्य असते, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते.

धान्याचा दाणा वाळलेला दिसला, तरी त्यात काही अंश पाणी असतेच. हे पाणी वजनाच्या बारा टक्क्यांच्या आत असेल, तर दाणा सुरक्षित राहतो. परंतु दाणा भोवतालच्या हवेशी सतत देवाणघेवाण करीत असतो. हवा कोरडी असेल, तर तो आपल्यातील पाणी सोडतो. हवा दमट असेल, तर तो पाणी शोषून घेतो. ऐंशी टक्के आर्द्रतेच्या हवेत तांदूळ दीर्घकाळ उघडा राहिला, तर त्यातील पाण्याचे प्रमाण हळूहळू पंधरा टक्क्यांच्या आसपास जाऊन पोचते. ही बुरशीला निमंत्रणाचीच वेळ होय.

कीड बाहेरूनच येते असे नाही. तांदूळ-गव्हाला लागणाऱ्या सोंडकिड्याची मादी दाण्याला बारीक छिद्र पाडून आत अंडे घालते आणि ते छिद्र बुजवून टाकते. त्यामुळे निवडताना स्वच्छ दिसलेल्या दाण्यातही पुढची पिढी दडलेली असू शकते. कडधान्यावरील भुंगेऱ्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडी चिकटविते आणि त्यांतून निघालेली अळी दाणा पोखरीत आत शिरते. उष्ण व दमट हवेत सोंडकिड्याची एक पिढी सुमारे एका महिन्यात पूर्ण होते. एकेक मादी शेकडो अंडी घालू शकते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मूठभर किडीचे काय होत असेल, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशीच करावा.

चौथा शत्रू प्राणवायू. हवेच्या साधारण एक-पंचमांश भाग प्राणवायूचा असतो. किडीला तो श्वासासाठी लागतो व बुरशीला वाढीसाठी. शिवाय शेंगदाणे, तीळ, सुके खोबरे यांतील तेलाशी त्याचा संयोग होऊन पदार्थाला खवट वास येतो. म्हणजे प्राणवायू रोखला, तर उरलेल्या तीन शत्रूंपैकी किमान दोघांची रसद तोडता येते. निर्वात बरणीमागील मूळ कल्पना हीच आहे.

पेवापासून बरणीपर्यंत

ही कल्पना मराठी माणसाला सर्वस्वी नवी नाही. महाराष्ट्रातील पेव हे तिचेच प्राचीन रूप आहे. जमिनीत खोल खणलेल्या, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असलेल्या खड्ड्यात धान्य भरीत आणि त्याचे तोंड दगड-मातीने बंद करीत. सांगलीजवळ कृष्णा व वारणा या नद्यांच्या संगमावर वसलेले हरिपूर हे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध होते. सांगलीच्या बाजारपेठेतील हळद या पेवांमध्ये दीर्घकाळ सुरक्षित राहत असे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या कीर्तीत या भूमिगत कोठारांचा वाटा मोठा आहे. २००५ सालच्या महापुरात कृष्णेचे पाणी शिरून यांतील पुष्कळ पेवांची हानी झाली.

पेवात हवा पंपाने काढलेली नसे. मग ते काम कोण करी? ते काम आत कोंडलेले जीवच करीत. दाणा, कीड आणि सूक्ष्मजीव हे सारे श्वसन करतात. त्या श्वसनात प्राणवायू संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. शेवटी किडीचाच श्वास कोंडतो आणि तिची वाढ थांबते. याच कारणाने पेव उघडल्याबरोबर आत उतरणे माणसाच्याही जिवावर बेतू शकते. जाणती माणसे पेवाचे तोंड उघडून हवा खेळू देत, मग दिवा आत सोडून पाहत. दिवा विझला, तर कोणी आत उतरत नसे.

आधुनिक साठवणीतही हेच तत्त्व निराळ्या रूपांत दिसते. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने विकसित केलेल्या ‘पुसा’ कोठीत मातीच्या दोन भिंतींच्या मध्ये पॉलिथिनचा थर असतो. तो बाहेरची ओल व हवा अडवितो. आपल्या घरातील लोणच्याची बरणीही याच कुळातील आहे. फोडींच्या वर आलेला तेलाचा थर म्हणजे हवेला घातलेला बांधच होय.

हवेला भार असतो

निर्वात बरणीचे झाकण कशाने घट्ट बसते? ‘आतली पोकळी झाकणाला ओढून धरते’ असे पुष्कळांना वाटते. हा समज बरोबर नाही. पोकळी काही ओढत नाही. बाहेरची हवा झाकणाला ढकलते.

आपण सारे हवेच्या एका अथांग समुद्राच्या तळाशी वावरत असतो. त्या समुद्राला भार आहे. इटलीतील शास्त्रज्ञ तोरिचेल्ली याने सतराव्या शतकात पाऱ्याच्या नळीचा प्रयोग करून हा भार मोजण्याचा मार्ग दाखविला. समुद्रसपाटीला हवा सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरते. सोप्या भाषेत सांगायचे, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हवा सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका दाब देते. एरवी हा दाब जाणवत नाही, कारण तो सर्व बाजूंनी सारखा असतो. एका बाजूची हवा काढून घेतली, की दुसऱ्या बाजूचे बळ प्रकट होते.

जर्मनीतील माग्डेबुर्ग शहराचा नगराध्यक्ष ओटो फॉन गेरिके याने १६५० च्या सुमारास हवा काढून घेणारा पंप तयार केला. १६५७ साली त्याने तांब्याचे दोन पोकळ अर्धगोल एकमेकांना जोडून आतील हवा काढली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपून ते ओढविले. अर्धगोल सहजासहजी सुटेनात. पुढे आत हवा सोडताच ते हाताने अलग झाले. गेरिकेचा पंप माणसांच्या हातांनी चालत होता. वीज माणसाच्या सेवेला येण्यापूर्वी दोनशेहून अधिक वर्षे निर्वात अस्तित्वात होता, हे येथे लक्षात घ्यावे.

हेच गणित बरणीला लावून पाहू. झाकणाचा व्यास सात सेंटिमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेअडतीस चौरस सेंटिमीटर होते. आतील हवेचे पाचांपैकी चार भाग काढून घेतले, तर बाहेरची हवा त्या झाकणावर सुमारे तीस किलोग्रॅम वजनाइतका भार देते. तीस किलोचे पोते अहोरात्र झाकणावर बसून राहावे, तसा हा प्रकार आहे. मात्र त्याला उचलून ठेवावे लागत नाही आणि त्याचे भाडेही द्यावे लागत नाही.

एका चुकीच्या उत्तराची उपयुक्त कथा

हवाबंद डब्यातील अन्नाचा इतिहास उद्बोधक आहे. फ्रान्समधील निकोला आपेर या मिठाई बनविणाऱ्या गृहस्थाने अन्न काचेच्या बाटल्यांत भरून, बूच घट्ट लावून त्या बाटल्या पाण्यात उकळल्या. आतले अन्न टिकले. १८१० साली फ्रेंच सरकारकडून त्याला बारा हजार फ्रँकचे पारितोषिक मिळाले. परंतु अन्न का टिकले, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. हवा, विशेषतः प्राणवायू, नाहीसा झाल्यामुळे ते टिकले, असे त्या काळच्या विद्वानांचे मत पडले. पुढे १८६० च्या दशकात लुई पाश्चरच्या संशोधनाने खरे कारण उजेडात आले. अन्न नासविणारे सूक्ष्मजीव उष्णतेने मेले होते आणि घट्ट बुचामुळे नवे आत शिरू शकले नव्हते.

या कथेतून घ्यावयाचा बोध महत्त्वाचा आहे. उकळून बंद केलेली बाटली आणि हवा काढून बंद केलेली बरणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत जंतू मारले जातात, दुसरीत मारले जात नाहीत. निर्वात बरणी अन्नाला निर्जंतुक करीत नाही. कोरडेपणामुळे आधीच सुरक्षित असलेल्या अन्नाची ती राखण करते, एवढेच. हा भेद विसरला, तर उपकारक साधन अपायकारक होते.

काचेची बरणी घरोघरी पोचण्यास आणखी एका शोधाने हातभार लावला. अमेरिकेतील जॉन मेसन याने १८५८ साली आट्यांच्या तोंडाची काचेची बरणी आणि तिला फिरवून बसणारे झाकण यांचे एकस्व मिळविले. रबरी कडे आणि धातूचे झाकण यांमुळे काचेचे तोंड हवाबंद करणे सोपे झाले.

विजेवाचून हवा कशी काढावी

हवा काढण्यासाठी हाताने ओढावयाचा छोटा पंप पुरेसा असतो. झाकणात झडप बसविलेले डबे आणि त्यांसोबतचा लहान पंप बाजारात मिळतो. ज्यांना तो घ्यावयाचा नाही, त्यांना सायकलच्या पंपातून असे साधन करून घेता येते.

सायकलचा पंप हवा ढकलतो. त्याच्या दांड्याच्या टोकाला वाटीच्या आकाराचे चामड्याचे वॉशर असते. दांडा दाबला, की ते नळीच्या अंगाला घट्ट बसते आणि हवा पुढे लोटते. दांडा ओढला, की ते सैल पडते आणि हवा आत येऊ देते. हे वॉशर उलट बसविले, तर क्रियाही उलटते. आता दांडा ओढताना ते घट्ट बसते व पुढची हवा खेचून घेते, आणि दाबताना सैल पडून तीच हवा मागे सोडते. मात्र दाबताना हवा पुन्हा बरणीत जाऊ नये, म्हणून बरणी आणि पंप यांच्यामध्ये एकाच दिशेने उघडणारी झडप असावी लागते. सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिराला हे काम सहज समजते.

झाकणाची योजना दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात बरणीवर चपटे झाकण नुसते ठेवतात आणि त्यावरून रबरी कडा असलेली टोपी घट्ट बसवून टोपीतील हवा ओढतात. टोपीतील दाब कमी झाला, की बरणीतील हवा झाकण किंचित उचलून बाहेर पडते. मग टोपी सैल करताच बाहेरची हवा धावून येते आणि झाकणाला खाली दाबून धरते. दुसऱ्या प्रकारात आट्यांच्या झाकणाला खिळ्याने एक बारीक छिद्र पाडतात आणि त्यावर चांगल्या चिकटपट्टीचा तुकडा लावतात. पंपाचे रबरी तोंड त्यावर दाबून हवा ओढली, की पट्टी किंचित उचलली जाते व आतली हवा निसटते. ओढणे थांबताच बाहेरचा दाब पट्टीला छिद्रावर चिकटवितो. येथे ही चिकटपट्टीच झडपेचे काम करते.

किती वेळा ओढावे, यालाही हिशेब आहे. तांदळाने भरलेल्या एक लिटरच्या बरणीतही दाण्यांच्या फटींत व वरच्या मोकळ्या जागेत सुमारे साडेचारशे मिलिलिटर हवा असते. पंपाच्या नळीत दीडशे मिलिलिटर हवा मावत असेल, तर पहिल्या ओढीनंतर बरणीत हवेचा तीन-चतुर्थांश भाग उरतो. दुसऱ्या ओढीनंतर त्याचा तीन-चतुर्थांश उरतो. असे सहा ओढींनंतर सुमारे अठरा टक्के हवा शिल्लक राहते. प्रत्यक्षात थोडीफार गळती होते. त्यामुळे काही ओढी अधिक माराव्या लागतात. या हिशेबातून आणखी एक गोष्ट उमगते. प्रत्येक ओढीत उरलेल्या हवेचा ठरावीक अंशच निघतो. म्हणून हवा कमी कमी होत जाते, पण पूर्णपणे कधीच संपत नाही.

कृती : क्रमाने

१. धान्य निवडून, पाखडून घ्यावे. फुटके दाणे व कचरा वेगळा करावा. कीड प्रथम त्यांच्याच आश्रयाने वाढते.

२. कडक उन्हात पातळ पसरून धान्य वाळवावे. दाणा दाताखाली धरला असता दबू नये, कट्‌ आवाज करून तुटावा. अधिक खात्रीसाठी मिठाची चाचणी करावी. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य व चमचाभर भाजून कोरडे केलेले मीठ घालून ती हलवावी आणि पंधरा मिनिटे ठेवावी. मीठ काचेला चिकटले, तर धान्यात पंधरा टक्क्यांहून अधिक पाणी आहे असे समजावे. मीठ सुटे राहिले, तरीही आणखी एक-दोन उन्हे द्यावीत; कारण गाठावयाची मर्यादा बारा टक्क्यांची आहे.

३. वाळविलेले धान्य सावलीत पूर्ण निवू द्यावे. गरम धान्य बरणीत कोंडले, तर निवताना काचेच्या आतल्या अंगाला दव धरते आणि सारे श्रम वाया जातात.

४. बरणी जाड काचेची असावी. तिला तडा नसावा आणि तोंडाची कडा कोठेही टवका उडालेली नसावी. पातळ प्लॅस्टिकची बाटली हवेच्या भाराने चेपते. झाकणातील रबरी कडे मऊ व अखंड असावे. बरणी धुऊन उन्हात कडकडीत वाळवावी.

५. धान्य भरून वर दोन बोटे जागा मोकळी ठेवावी. बेसन, सत्तू यांसारखे पीठ असेल, तर वर स्वच्छ कोरड्या कापडाचा तुकडा ठेवावा. नाही तर हवेबरोबर पीठही पंपात ओढले जाते.

६. काठ कोरड्या फडक्याने पुसून झाकण ठेवावे आणि हवा काढावी.

७. बरणीवर पदार्थाचे नाव व दिनांक लिहावा. एक दिवसाने तपासावे. चपटे झाकण मध्यभागी किंचित खोलगट दिसावे आणि बोटाने दाबले असता ‘टक’ आवाज करून वर-खाली होऊ नये. झाकण सैल आढळले, तर कडा पुसून पुन्हा हवा काढावी.

८. बरण्या अंधाऱ्या, थंड जागी ठेवाव्यात. काचेतून उजेड जातो आणि उजेडाने तेलकट पदार्थ लवकर खवट होतात.

एका मोठ्या बरणीपेक्षा अनेक लहान बरण्या सोयीच्या. मोठी बरणी रोज उघडली, तर रोज दमट हवा आत जाते. आठवड्याला पुरेल एवढ्या मापाच्या बरण्या केल्या, तर एक उघडी असताना बाकीच्या सुरक्षित राहतात.

दोन गैरसमज

बरणीत पेटती मेणबत्ती ठेवून झाकण लावावे, म्हणजे प्राणवायू जळून संपतो, अशी एक समजूत आहे. ज्योत विझते हे खरे. परंतु ती विझते तेव्हाही बरणीत सुमारे सोळा टक्के प्राणवायू शिल्लक असतो. कीड गुदमरण्यासाठी त्याचे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या खाली उतरून कित्येक दिवस तसेच राहावे लागते. जेथे दिवा जळत नाही, तेथे कीड सुखाने नांदू शकते. झाकण घट्ट बसते ते गरम झालेली हवा प्रसरण पावून बाहेर गेल्यामुळे आणि उरलेली हवा निवून आकुंचित झाल्यामुळे. शिवाय ज्वलनातून पाण्याची वाफ निर्माण होते, ती निराळीच. कोरड्या अन्नासाठी हा मार्ग योग्य नव्हे.

दुसरा गैरसमज भट्टीचा. धान्य भरलेल्या बरण्या भट्टीत तापवून झाकण लावण्याची रीत काही ठिकाणी सांगितली जाते. कोरड्या उष्णतेने काच असमान तापते व फुटू शकते. आणि तापविलेल्या धान्यातील ओल बरणीतच अडकते. ही रीत टाळावी.

याउलट लोहचूर्णाच्या पुड्या खरोखर उपयोगी असतात. या लहान पुड्यांतील लोखंडाची भुकटी गंजते आणि गंजताना बरणीतील प्राणवायू शोषून घेते. लोखंडाचा गंज एरवी आपला शत्रू, येथे मात्र मित्र ठरतो. पुडी खाण्याची वस्तू नाही, हे घरातील मुलांना आवर्जून सांगावे.

मर्यादा आणि दक्षता

हाताच्या पंपाने काढलेल्या हवेतून थोडा प्राणवायू मागे राहतोच. त्यामुळे किडीची वाढ मंदावते. परंतु दाण्यात दडलेले प्रत्येक अंडे मरेल, याची हमी देता येत नाही. म्हणून वाळविणे, निवडणे आणि महिन्या-दोन महिन्यांनी काचेतून न्याहाळणे या जुन्या सवयी सोडू नयेत. काच पारदर्शक असते, हा तिचा मोठाच गुण आहे.

सर्वांत महत्त्वाची दक्षता पुढील होय. ओलसर पदार्थ निर्वात बरणीत भरून सामान्य तापमानाला कधीही ठेवू नयेत. शिजविलेले अन्न, ताज्या भाज्या, अर्धवट वाळलेली फळे, तेलात बुडविलेला ओला लसूण हे सारे येथे वर्ज्य आहे. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जीवाणू प्राणवायू नसलेल्या ओलसर जागीच वाढतो आणि प्राणघातक विष निर्माण करतो. त्या विषाचा रंग दिसत नाही आणि वास आलाच पाहिजे असेही नाही. पुरेशा कोरड्या धान्यात मात्र हा जीवाणू वाढू शकत नाही, कारण त्याला लागणारे पाणीच तेथे नसते. निर्वाताची पहिली अट कोरडेपणा आहे, ती यासाठी. ज्या बरणीला कुबट वास येतो, जिच्यात दाणे एकमेकांना चिकटले आहेत किंवा बुरशी दिसते, तिच्यातील धान्य चाखून पाहू नये, टाकून द्यावे.

समारोप

बरणी म्हणजे सर्व प्रश्नांचे उत्तर नव्हे. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. त्यांना बरणी वाचवू शकली नसती, कारण बरणीत भरावयाचे धान्यच त्यांच्या हाती नव्हते. धान्य सर्वांना मिळावे, ही समाजाची व शासनाची जबाबदारी आहे. परंतु जे धान्य कष्टाने घरी आले आहे, त्याचा दाणा किडीच्या किंवा बुरशीच्या मुखी जाऊ नये, एवढे घरातील माणसाच्या हाती नक्कीच आहे.

रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबात दोन किलो डाळ वाया जाणे ही लहान बाब नसते. आपल्या आज्या-पणज्या उन्हाळ्यातच पावसाळ्याची बेगमी करीत. ऊन, राख, कडुनिंबाचा पाला आणि स्वच्छ फडके ही त्यांची साधने होती. हवेचा भार हेही तसेच एक फुकट मिळणारे साधन आहे. ते खिदिरपूरच्या गल्लीत आहे, हरिपूरच्या नदीकाठी आहे आणि आपल्या घरातही आहे. त्याला कामाला लावणे, एवढेच उरते.

शब्दार्थ

निर्वात – हवा काढून घेतलेली (जागा)
पेव – धान्य साठविण्यासाठी जमिनीत केलेले कोठार
कणगी – धान्य साठविण्यासाठी बांबूच्या कामट्यांची विणलेली उंच टोपली
दादरा – बरणीच्या तोंडाला बांधावयाचे फडके
सादळणे – हवेतील ओलीने मऊ पडणे
बेगमी – पुढील काळासाठी केलेली तरतूद
एकस्व – शोधकर्त्याला त्याच्या शोधावर मिळणारा कायदेशीर हक्क
वर्ज्य – टाळावयाचे, निषिद्ध

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सुरक्षित साठवणीसाठी धान्यातील पाण्याचे प्रमाण किती टक्क्यांच्या आत असावे?
(आ) हरिपूर हे गाव कशासाठी प्रसिद्ध होते?
(इ) सायकलच्या पंपातील वॉशर उलट बसविल्याने काय होते?

२. कारणे लिहा.
(अ) पेव उघडल्याबरोबर आत उतरणे धोक्याचे असते.
(आ) गरम धान्य बरणीत भरू नये.
(इ) ओलसर पदार्थ निर्वात बरणीत साठवू नयेत.

३. ‘पोकळी काही ओढत नाही. बाहेरची हवा झाकणाला ढकलते.’ हे विधान तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. आपेरची बाटली आणि निर्वात बरणी यांतील फरक चार-पाच वाक्यांत सांगा.

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : वावडे असणे, रसद तोडणे, जिवावर बेतणे, वाया जाणे.

६. तुमच्या घरात किंवा परिसरात धान्य टिकविण्याच्या कोणत्या पारंपरिक रीती आहेत, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती घ्या. त्यांपैकी एका रीतीमागील शास्त्रीय कारण शोधून दहा ओळींत लिहा.